भिकूची कुंची

१

मी हे लिहिताना मोठ्याने वाचतो आहे. शब्द कागदावर उतरतो तसाच तोंडातूनही बाहेर पडतो. वर्गात मी मुलांना नेहमी दटावतो, "मनात वाचा, ओठ हलवायचे नाहीत," आणि आता माझीच ही गत. असं का, ते ओघाने येईलच. तूर्त इतकंच सांगतो की भर दुपार आहे, दार सताड उघडं आहे, अंगणात ऊन रणरणतं आहे आणि मला भीती वाटते आहे. रात्री वाटत नाही. रात्री आमच्या घरात सगळे गाढ झोपतात.

आम्ही हंबीररावांच्या चाळीत भाड्याने राहतो. शाहूपुरीत गुळाच्या अडतींच्या मागच्या गल्लीत ही चाळ आहे. एकच लांबलचक कौलारू छप्पर आणि त्याखाली ओळीने खोल्या. खोल्यांमधल्या भिंती तुळईपर्यंत येऊन थांबतात. तुळईच्या वर, कौलांखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं मोकळं. त्यामुळे भाडेकरूंचे चेहरे तेवढे एकमेकांना दिसत नाहीत, बाकी कुणाचं काही लपत नाही. तिसऱ्या खोलीत तानाबाईने मिरचीची फोडणी दिली की पहिल्या खोलीतला माणूस शिंकतो.

आमच्या शेजारच्या खोलीत लालासाब राहायचा. राज्य विलीन झालं त्या साली तो इथे आला. त्याआधी तो दरबारात चित्तेवान होता, म्हणजे शिकारीचे चित्ते सांभाळायचा. शिकारी गेल्या, चित्ते गेले, मग दरबारही गेला. लालासाब तेवढा उरला. उंच, वाळका, शब्दाने कुणाला न दुखवणारा म्हातारा. एकटाच. दिवसभर तो खोलीत स्वतःशी बोलत बसायचा, बाजारात काय बघितलं, कुणाची बैलगाडी कुठे अडकली असलं काहीतरी, आणि संध्याकाळी गांजाची चिलीम ओढायचा. धूर तुळईवरून आमच्याकडे उतरायचा. ओला पाला जाळल्यासारखा, शेवटी जरा गोडसर वास.

मी शास्त्र शिकवतो. गरम हवा वर जाते, कौलांना लागून सरकते, थंड झाली की खाली येते, हे मी माझ्या बायकोला, श्यामलेला, फळ्यापुढे उभा असल्यासारखं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तिला म्हणावं, आमच्याकडे उतरू नकोस."

श्यामलेचं हसण्यावारी नेणं तोंडापुरतं होतं. आमची आधीची दोन मुलं तान्ही असतानाच गेली होती. दोघंही खोकून खोकून. दिवाळीनंतर हा तिसरा झाला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि बजावलं की याला धूर अजिबात चालणार नाही. चुलीचा नाही, ऊदाचा नाही, बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी देतात तीही नाही. माझ्या ताईला ते मुळीच पटलं नाही. धुरीशिवाय वाढलेलं मूल तिने आयुष्यात बघितलं नव्हतं.

२

ताई माझी थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात परत आली ती आमच्यातच राहिली. शिवणकामात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नाही. धुरी बंद झाल्यावर तिने दुसरा उपाय काढला. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे नव्या मुलाला नवं कापड घालायचं नसतं. पाच घरी पदर पसरून जुनी फडकी मागून आणायची, ती जोडून कुंची शिवायची, आणि मुलाचं नावही भिकू ठेवायचं. मागून आणलेल्या पोरावर कुणाची नजर जात नाही.

"शास्त्र शिकवणाऱ्याच्या घरात हे?" मी म्हणालो.

"तुझ्या शास्त्राने दोन नेली," ताई म्हणाली. पुढे बोलायला मला जागाच ठेवली नाही.

तानाबाईने लुगड्याचा तुकडा दिला. आणखी तीन घरांतून चिंध्या आल्या. पाचवं घर चाळीतलंच हवं आणि आमच्या भिंतीला लागून हवं, असा ताईचा हट्ट. ती लालासाबच्या दाराशी गेली. मी माझ्या दारातून ऐकत होतो.

"माझ्या घरचं नगा न्हेऊ, ताई," लालासाब म्हणाला. "दुसरं कायबी मागा. कापड नगा."

"पदर पसरलाय मी. रिकामा परत घेऊ?"

"माफ करा. पर माझ्या घरचं नगा."

ताई फणफणत परत आली. पसरलेला पदर रिकामा परत आणणं म्हणजे मुलाचं आयुष्य परत आणणं, असं ती दिवसभर पुटपुटत होती. मी तिकडे दुर्लक्ष केलं. दोन दिवसांनी बघतो तर कुंची शिवून तयार. आतल्या बाजूला, कपाळावर येईल असं, काळपट मऊ कापड होतं. चामडं म्हणावं तर चामडं नाही, लोकरी बनात म्हणावी तर बनात नाही. नाड्याही त्याच कापडाच्या.

"हे पाचव्या घरचं का? दिलं त्याने?"

"मिळालं," ताई म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

कुंची घातली आणि भिकू रडायचा थांबला. नुसता थांबला नाही, मान जरा तिरकी करून काहीतरी ऐकत राहिला.

३

त्याच सकाळी लालासाब चाळीत दारोदार फिरला. "माझं एक फडकं राती दोरीवर वाळत घातलतं. काळं. वाऱ्यानं उडून आलंया का हितं?" माझ्याही दारात आला. मी खरंच सांगितलं की मला माहीत नाही. ताई आत तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. लालासाब पाळण्यापर्यंत आला असता तर तेव्हाच सगळं उलगडलं असतं. पण बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष डोकावत नाही, आणि तो फार रीतीचा माणूस होता.

त्या दिवसापासून चिलीम सकाळीच पेटायला लागली. सूर्य वर आला की सुरू, मावळला की बंद. पूर्वी संध्याकाळी घटकाभर येणारा धूर आता दिवसभर तुळईवरून खाली गळायचा. भिकू खोकायला लागला. लहान, कोरडा खोकला. तो आम्हाला ओळखीचा होता. पहिल्या दोघांचाही असाच सुरू झाला होता. तो ऐकला की श्यामला हातातलं काम टाकून भिंतीला पाठ लावून उभी राहायची.

मग आमचे उद्योग सुरू झाले. मी गुळाच्या अडतीतून गोणपाट आणलं आणि शिडीवर चढून तुळईपासून कौलांपर्यंत खिळ्यांनी ठोकलं. धूर विणीतून यायला लागला. गोणपाट ओलं करून बघितलं. गुळाचं पाणी गळून सगळ्या घरभर मुंग्या झाल्या, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. श्यामला भिकूला घेऊन दिवसभर अंगणात बसायला लागली, तर तानाबाईने बाळंतिणीला वारं लागेल म्हणून तिला हात धरून आत आणून सोडलं.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत होती. दुपारी लालासाबच्या खोलीतून जात्याची घरघर ऐकू यायची. मंद, जड, दूरच्या घरात कोणी नाचणी दळत असावं तशी. आमच्या चाळीत जाती पहाटे फिरतात, दुपारी नाही. आणि लालासाबकडे जातं नव्हतंच. तो तानाबाईकडून भाकरी विकत घ्यायचा.

मी कान देऊन ऐकलं. दळणाऱ्या बाईचा हात भरून आला की ती थांबते, घास टाकते, पुन्हा ओढते. हे जातं थांबत नव्हतं. फक्त एकदा चढायचं आणि एकदा उतरायचं, श्वासासारखं.

४

एका रविवारी भिकूला खोकताना श्वास पुरेना. ओठ निळसर झाले. श्यामलेने त्याला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "जा. आज त्याच्याशी बोला, नाहीतर मी भिंत पाडते." बाळ ताईकडे देऊन मी गेलो. डोकं तापलं होतं माझं.

लालासाबचं दार उघडंच होतं. "या मास्तर, बसा की."

खोलीत सामान असं नव्हतंच. एक चूल, एक माठ, खुंटीला चामड्याचा पट्टा, आणि दोन बाजा. एका बाजेवर तो बसला होता. दुसरीवर जाड घोंगडी होती आणि घोंगडीच्या मधोमध एक लांबट खळगा. मी त्या बाजेवर टेकणार इतक्यात त्याने माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"तिथं नगा, मास्तर. हितं बसा, माझ्याजवळ."

मी बसलो नाही. उभ्यानेच सुनावलं. माझी दोन मुलं गेली आहेत, तिसऱ्याची छाती नाजूक आहे, आणि तुम्हाला तुमच्या व्यसनापुढे काही दिसत नाही का?

"दिसतंय की," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते, पण ते नशेने नव्हे. कित्येक दिवस दुपारी न मिटलेल्या डोळ्यांसारखे होते. "खोकला ऐकतोय मी. वाईट वाटतंय. पर फडकं गावंपातूर वढायलाच पायजे. धूर संपला की ते बघाय लागतंय."

"कोण बघायला लागतंय?"

त्याने चिलीम ओढली आणि धूर दुसऱ्या बाजेकडे सोडला. मी सांगितलं ना, मी शास्त्र शिकवतो. धूर वर जायला हवा. तो वर गेला नाही. घोंगडीला लागून सरळ आडवा गेला, खळग्याच्या एका टोकाशी पोचला आणि तिथे आत ओढला गेला. जरा वेळाने थोडा बाहेर आला. पुन्हा आत. मी मनाशी म्हटलं, दारातून वारा येत असेल. दाराला पडदा होता. तो जरासुद्धा हलत नव्हता.

"लालासाब," मी म्हणालो, आणि माझा आवाज खाली आला होता, "तुम्ही एवढ्या गर्दीत राहायला कशाला आलात?"

"नवं जनावर मानसात आणायचं म्हंजे मानसांचा आवाज लागतो त्येला. आमी चित्ता धरून आणला की डोळ्यांव टोपी चढवायचो, अन् भरल्या बाजारात बांधायचो. भवतीनं बायका-पोरं बसवायची, दिसभर बोलत. आवाज ऐकून ऐकून गरीब हुतंय मग ते."

"पण चित्ते तर सगळे मेले."

"मेलं की. शेवटचा माझ्या मांडीवर गेला." त्याने दुसऱ्या बाजेकडे बघितलं. "त्येची बाज रिकामी झाली, मास्तर. अन् मग एक दिस बघतोय तर ती रिकामी न्हवती. कुठनं आलं, काय हाय, मला ठावं न्हाय. ह्यो चित्ता न्हवं. एवढं कळतंय. पर टोपी चढवून घेतली त्यानं. मी एकटाच हुतो, त्येलाबी कोन न्हवतं."

मी बाहेर आलो. अंगणातल्या उन्हात आल्यावर सगळं हास्यास्पद वाटलं. गांजाने डोकं फिरलेला एकटा म्हातारा, आणि त्या धुरात पाव तास उभा राहिलेला मी. आपल्याही नाकात थोडा गेलाच असेल, असा मी हिशेब केला आणि मन मोकळं झालं.

५

मी मालकांकडे तक्रार केली. हंबीररावांना गांजाचं काही नव्हतं, पण दारूबंदीचे दिवस, पोलीस कशावरूनही चाळीत शिरतील याची त्यांना धास्ती. ते स्वतः आले आणि अंगणातून ओरडले, "लालासाब, आजपास्नं चिलीम बंद! न्हाय जमलं तर खोली सोड. लेकरं मारतोस व्हय?"

लालासाबने वाद घातला नाही. फक्त माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे खोली मिळते का ते बघायला बाहेर पडला.

धुराविना उजाडलेला तो पहिला दिवस. मला शाळेला सुट्टी होती. ताई अंबाबाईला गेली होती, श्यामला कितीतरी दिवसांनी जमिनीवर पडून झोपली होती. भिकू कुंची घालून पाळण्यात. एकदाही खोकला नाही. मी पेपर तपासत बसलो आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला गुळाचा वास आला. मी खूश होतो, हे लपवत नाही.

दुपारी चाळ एकदम शांत झाली. माणसं झोपली होती, आणि लालासाबची बडबडही आज नव्हती. ती बडबड किती सवयीची झाली होती ते तेव्हा लक्षात आलं. मग जात्याची घरघर सुरू झाली.

मी भिंतीकडे बघितलं. आवाज भिंतीपलीकडून येत नव्हता. वरून येत होता.

तुळईवर ठोकलेलं गोणपाट आमच्या बाजूला फुगलं होतं. पलीकडून कोणी अंग रेटावं तसं. मी बघत असताना एक खिळा निघून खाली पडला आणि घरंगळत माझ्या पेपरांपाशी आला. मग दुसरा. मग गोणपाट सैल पडलं, पुन्हा सपाट झालं, आणि घरघर आता आमच्या खोलीत होती.

उंदीर, मी मनाशी म्हटलं. घूस. मांजर. पाळण्याच्या दोऱ्या ताणल्या गेल्या आणि लाकडी कडी करकरली. भिकू हसत होता. माझ्याकडे बघून नव्हे. त्याने मूठ पुढे केली आणि हवेत काहीतरी घट्ट धरलं, आणि त्याची ती चिमुकली मूठ घरघरीबरोबर वर जात होती, खाली येत होती.

"कोण आहे?" माझ्या तोंडून निघालं.

घरघर थांबली. कोणीतरी माझं बोलणं ऐकत होतं. पुढे काय बोलावं ते मला सुचेना, आणि त्या गप्प क्षणात पाळणा माझ्या दिशेने कलला.

"बोला, मास्तर! बोलत ऱ्हावा!" लालासाब दारात उभा होता. धावत आला असावा. तो स्वतःच बोलायला लागला, गाईगुरांशी बोलतात तशा सुरात, कुठल्या पेठेत खोली बघितली, कुणी नाही म्हटलं, वाटेत काय दिसलं. पाळणा हळूहळू सरळ झाला. घरघर पुन्हा लागली. श्यामला जागी होऊन भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनेही सगळं बघितलं होतं, म्हणजे मला भास झाला असं म्हणायची सोय उरली नाही.

बोलता बोलता लालासाबची नजर कुंचीवर गेली. कपाळावरच्या काळ्या पट्टीवर, मग नाड्यांवर. तो बोलायचा थांबला नाही, पण बोलता बोलता उंबऱ्यावर खाली बसला.

६

ताई देवळातून आली तेव्हा तो आमच्या उंबऱ्यावर बसला होता. "ही कुणी शिवली?"

ताईने हातातलं कुंकू खाली ठेवलं. "मी. तुमच्या दोरीवरून मीच काढून आणलं. बोला काय बोलायचं ते. पण मागितलेलं परत देता येत नाही. परत दिलं तर मूल परत जातं."

"टोपी हुती ती," लालासाब म्हणाला. "कापलीसा?"

"कापली. बाकीच्या चार तुकड्यांना जोडली."

एवढे दिवस मी ज्या धुराच्या नावाने बोंबलत होतो, तो आमच्याच घरात झालेल्या चोरीचा धूर होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. लाजेने मला त्या माणसाकडे बघवेना.

तो मात्र रागावला नाही. कपाळाला हात लावून म्हणाला, "उतरवू नगा आता ती. टोपी जिथं, तिथं ते निजतंय. अन् गप बसू नगा. दिसाउजेडी एकानं तरी बोलत ऱ्हायाचं. रातीला न्हाय बोललासा तरी चालंल, रातीला ते झोपतंय. चित्त्यागतच हाय, शिकार दिसाची."

शिकार हा शब्द ऐकून श्यामलेने भिकूला उचलून छातीशी घेतलं.

"आणि धूर?" मी विचारलं. मीच विचारलं.

"पोराची छाती हाय न्हवं, मास्तर," लालासाब म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्याने खोली सोडली. हंबीररावांनी त्याला थांब म्हटलं असतं, मी सांगितलंही असतं, पण त्यालाच थांबायचं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी बैलगाडीत त्याचा माठ आणि दोन्ही बाजा चढल्या. मग तो परत आमच्या दारापुढे आला आणि खोलीत बघून चुचकारल्यासारखा आवाज काढला. एकदा, पुन्हा एकदा. आत जात्याची घरघर चालूच राहिली, जराही चुकली नाही. लालासाब बराच वेळ उन्हात उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सुटल्याचं की तुटल्याचं, मला सांगता येत नाही.

शेवटी त्याने गाडीतली दुसरी बाज उतरवून आमच्या खोलीत पाळण्याशेजारी टाकली. घोंगडी अंथरली. "सवय हाय त्येला," एवढंच म्हणाला आणि गेला. जाताना वळून बघितलं नाही.

आम्ही दार लावून बाजेकडे बघत उभे राहिलो, ताई तेवढी बोलत होती. थोड्या वेळाने घोंगडीच्या मधोमध खळगा पडला.

७

घर का सोडत नाही, असं कोणीही विचारेल. सोडलं होतं. श्यामलेच्या माहेरी कुरुंदवाडला गेलो. तिथे पिठाची गिरणी आल्यापासून त्यांनी जातं काढून टाकलं आहे. पहिल्याच दुपारी सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, "दळतंय कोण गं?" तसेच परत आलो. इथे निदान तिची बाज तरी आहे. तिची म्हणालो मी. ताई कधी तिची म्हणते, कधी त्याची. नाव कोणी ठेवलं नाही.

कुंची काढून बघितली का? तीही बघितली. आंघोळीच्या वेळी ताईने भिकूला पाय पसरून पायांवर घेतलं आणि कुंची खुंटीला अडकवली. घरघर थांबली. समोर रिकामा पाळणा होता. त्यात कोणी चढल्यासारखा तो एका अंगाला कलला, मग उतरल्यासारखा सरळ झाला. ताईने ओल्या डोक्यावर तशीच कुंची चढवली. आता आंघोळ अंधार पडल्यावर होते.

लालासाबला शोधायला मी जोतिबापर्यंत जाऊन आलो. कोणी म्हणायचं डोंगरावर दिसला, कोणी म्हणायचं खाली वाडीत. सापडला नाही.

म्हणून आम्ही पाळीपाळीने बोलतो. सकाळी ताई. ती सगळ्या व्रतांच्या कहाण्या सांगते, त्या संपल्या की नातेवाइकांची उणीदुणी. ती संपत नाहीत. मी शाळेतून आलो की मी. आता तर सुट्टीच आहे. गुरुत्वाकर्षण, कप्पी, तरफ, हवेचा दाब, सगळं शिकवून झालं. त्याला माझा आवाज लागला आहे. मी बोलताना घरघर मऊ होते. मग श्यामला. चाळीतले लोक म्हणतात, मास्तरांच्या घराला वेड लागलं. तानाबाई परवा म्हणाली, "लालासाब बरा हुता की, एकटाच बडबडायचा." भिकू मात्र गुटगुटीत झाला आहे. खोकला गेला. ज्याच्या जिवासाठी हे सगळं केलं, तो हसतो, पालथा पडतो, रांगायला बघतो.

मुलं वाढतात. ही गोष्ट तेवढी आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती. शास्त्र शिकवणाऱ्याच्याही नाही.

होळीला कुंची कानांवर घट्ट बसायला लागली. ताईने शिवण उसवून चार घरांच्या चिंध्यांना पट्ट्या जोडल्या. त्या वाढवता येतात. पाचव्या घरचं कापड वाढत नाही, ओढूनही ताणत नाही, आणि त्याच्यासारखं दुसरं कापड बाजारात मी कुठेही बघितलं नाही. मागच्या महिन्यात नाड्यांची गाठ हनुवटीखाली जेमतेम बसायची. या आठवड्यात बसत नाही. ताईने नाड्यांना सुतळीची टोकं बांधली आहेत. काळी पट्टी कपाळावर होती ती मागे सरकत सरकत टाळूवर गेली आहे.

घसा सुकला आहे. पाणी पितानाही मध्येच थांबून दोन शब्द बोलावे लागतात. ताई आज तानाबाईकडे भाकऱ्या थापायला गेली आहे. श्यामला आताच उठून पाळण्यापाशी बसली. तिची पाळी. आमची एक रीत आहे, एकाने हात वर करायचा आणि दुसऱ्याने बोलायला लागायचं, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. मी हात वर केला आहे. डाव्या हाताने. उजव्याने लिहितो आहे.

ती वाकून पाळण्यात बघते आहे. तिच्या हातात सुतळीचं टोक आहे. सुटलेलं. भिकू जागा आहे, त्याचं डोकं मला इथून दिसतं, काळ्याभोर जावळाचं, उघडं डोकं.

मी बोलतोच आहे. मी थांबलेलो नाही. पण घरघर थांबली आहे. बाजेवरची घोंगडी हळूहळू वर येते आहे, खळगा भरतो आहे, आता सपाट झाली. बाजेवर काही नाही.

श्यामला, हात वर आहे माझा. तुझी पाळी. काहीही बोल. भाजीचा भाव सांग, ताईला नावं ठेव, मला ठेव. तिकडे बघू नकोस.

श्यामला, बोल की.